नव्या जिनावरून कणकुंबीला

घोड्यावर बसून कणकुंबीला जायची कल्पना माझी नव्हे. आमच्या घराचा घोड्याशी संबंध चामड्यापुरता. बेळगावच्या कॅम्पात आमचं जीन-लगामाचं दुकान आहे, मागं घर. चामड्याचं काम हे आणि कारागीर करतात, आणि जिनाखालच्या गाद्या भरून शिवायचं काम घरी माझ्याकडं. मॅट्रिक झालेली बाई घोड्याच्या गाद्या शिवते म्हणून माहेरची माणसं नाकं मुरडतात. मुरडू देत. ती मजुरी बाहेर गेली तर आमच्या चुलीला कोण विचारणार?

तर फाल्गुनात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. जांबोटीच्या पुढं घाटमाथ्यावर पावसाळ्यात गाडी जात नाही. बाळंतपणाचा निरोप येतो आणि बाई चिखलात रुतलेल्या गाडीत अडकून राहतात. घोड्यावर बसायला त्या शिकल्या होत्या, पण पुरुषी जिनावर लुगडं गुडघ्याशी गोळा होई, रिकिबीचा पट्टा पोटरी सोलून काढी, आणि वहाणेतला पाय रिकिबीतून आरपार घसरे. "मिरगाच्या आत बायकांना बसता येईल असं जीन करून द्या," त्या म्हणाल्या, "नाहीतर हाही पावसाळा गेल्या वर्षीसारखाच जाईल." गेल्या वर्षी काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

यांनी खपून जीन केलं. पोटरीला लागू नये म्हणून पट्ट्याखाली रुंद चामडी पाख, पाय घसरू नये म्हणून पुढून झाकलेल्या रिकिबी, बसायला माझ्या हातची लोकरीची गादी. उजव्या अंगाला औषधांची कुलूपबंद पेटी आणि डाव्या अंगाला तेवढ्याच वजनाची, वरून उघडी, कपड्या-अंथरुणाची पिशवी. दुकानातल्या लाकडी घोड्यावर दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. जीन कुठंही कललं नाही.

"पण डोंगरात नेऊन पाहिल्याशिवाय देणार नाही," हे म्हणाले, "आणि पाहायचं तर लुगडं नेसणारंच माणूस पाहिजे." असं म्हणून माझ्याकडं बघत राहिले.

"माझ्याकडं काय बघता?"

"मलप्रभेच्या उगमावर आंघोळ करायचीय, असं लग्नापासून कोण म्हणतंय?"

देवीचं बोलावणं असंही येतं. खर्च दुकानाचा, पुण्य माझं. मी हो म्हटलं. हे दुकान सोडून येणार नव्हते, म्हणून सोबतीला माझ्या थोरल्या नणंदबाई निघाल्या. त्यांना सगळे आक्का म्हणतात. येळ्ळूरच्या शेतात वाढलेल्या, लवकर वैधव्य आलेल्या, तेव्हापासून आमच्याच घरी, आणि जिभेला धार. घोडी अनगोळच्या बाबूअण्णांची: माझ्यासाठी हरणी, आक्कांसाठी बाळ्या नावाचं तट्टू. बाबूअण्णा स्वतः पायी. पंधरवडाभर अनगोळच्या माळावर मला बसायला शिकवलं तेही त्यांनीच. पहिल्या दिवशी मी लगाम ओढला तर म्हणाले, "वैनी, वडू नका. हरणीला वाट म्हाईत हाय, तुमालाच न्हाय."

चैत्र सरता सरता एका सोमवारी पहाटे निघालो. जिनाला हळदकुंकू वाहिलं, हरणीच्या कपाळाला बोट लावलं. माझं सोवळ्याचं पातळ चामड्याच्या पिशवीत कसं ठेवायचं, यावर मी अडून बसले होते. शेवटी आक्काच म्हणाल्या, "अगं इंदू, नदीत बुडवणारच हाईस की ते! देव काय पिशवी हुंगतोय?" ठेवलं.

पिरनवाडी, किणये, मग कुसमळीला मलप्रभा ओलांडली की झाडी दाट होत जाते. रस्ता लाल मातीचा, पण उन्हाळ्यात बरा. कुणाला जायचं असेल तर बैलगाडी जांबोटीपर्यंत सहज जाते. दशम्या आणि शेंगाचटणी घरून न्यावी, वाटेत विकत काही मिळत नाही. आणि घोड्यांसाठी हरभरे बेळगावातूनच घ्यावेत, पुढं दर दीडपट होतो. जांबोटीला देवळाच्या ओवरीत मुक्काम केला. भाडं नाही, दिव्याला तेल मात्र द्यावं.

वाटेत विकत मिळत नाही खरं, पण फुकट इतकं मिळतं की विचारू नका. त्या भागात घरी आलेली सवाष्ण रिकाम्या पदरानं जाऊ देत नाहीत. पाणी मागायला थांबावं तर कुणीतरी सूप घेऊन बाहेर येणार: तांदूळ, नारळ, गुळाचा खडा. "बेळगावास्नं घोड्यावर आलीया बाय! थांब, वटी भरते." नको म्हणता येत नाही. ओटीला नको म्हणायचं नसतं. पदरात घ्यायची, नमस्कार करायचा, आणि पिशवीत रिकामी करायची. आक्कांची ओटी कुणी भरत नसे. त्या अशा वेळी अंगणाच्या कडेला जाऊन बाळ्याच्या पोटाखालचा तंग उगाच सैल करायच्या, पुन्हा आवळायच्या.

दुसऱ्या दिवशी जांबोटीहून कणकुंबी. हा टप्पा मी जन्मभर विसरणार नाही. पायवाट रानातून वर चढते, करवंदीच्या जाळ्या दोन्ही हातांना लागतात, आणि हरणी पाय टाकते तो असा, की आपण नुसतं देवाचं नाव घ्यावं. जीन उत्तम होतं. पोटरीला ओरखडा नाही, लुगडं जागच्या जागी, पाय रिकिबीत पक्का. दुपारी उगमाच्या कुंडावर आंघोळ केली, माउली देवीचं दर्शन घेतलं. इतकी मोठी नदी, जिच्या पाण्यावर खाली गावंच्या गावं जगतात, ती इथं ओंजळीएवढी. डोळे भरून आले. मी देवीला म्हटलं, तू बोलावलंस, आता जीनही तूच पास कर.

मुक्काम बाबूअण्णांच्या ओळखीच्या घरी होता. घरात सासू आणि पारू नावाची सून. पारूला पाचवा महिना होता. माझी ओटी भरताना तिनं हळूच विचारलं, "डाक्टरीणबाई ह्या पावसात येतील काय हो?"

मी उत्तर देण्याआधी सासूच म्हणाली, "गेल्या आषाढात निरोप धाडलेला. बाई पोचल्या तवर बाळ ऱ्हायलं न्हवतं."

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं नव्हतं ते हे. मी पारूचा हात धरून म्हटलं, "येतील. त्यासाठीच तर हे जीन आणलंय."

एवढ्यात बाहेरून बाबूअण्णांची हाक आली. त्यांनी हरणीचं जीन उतरवलं होतं. तिच्या खांद्याच्या उंचवट्याला उजव्या अंगानं केस उडून कातडी लाल झाली होती. बोट लावताच ती थरथरली.

"पास म्हनं पास!" बाबूअण्णा इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "बाय मजेत बसली, पर घोडीचं काय? उद्या हिच्या पाठीवर मी रुमालसुदिक टाकू देनार न्हाय. आन पावसात असली जखम झाली तर डाक्टरीणबाई अर्ध्या रानात पायउतार."

मी जोत्यावर बसले. आत पारू चूल पेटवत होती, आणि मी तिला "येतील" म्हणून बसले होते. माझ्या गादीचा टाका न् टाका चाचपून पाहिला. गाठ नाही, गोळा नाही. मग घासलं कशानं?

"बस आता चाचपत," आक्का म्हणाल्या. "तांदूळ तरी काढ बाहेर, भात टाकायचाय." आणि त्यांनीच डावी पिशवी अंगणात उपडी केली. नारळ गडगडत तुळशीपर्यंत गेले. तांदळाची पुरचुंडी, गुळाचे खडे, आमसुलं, कुणीतरी मायेनं कोंबलेला बरका फणस. आक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"इंदू, देवीला आलीस का बाजाराला?"

 आम्हा दोघींना एकदमच दिसलं ते. उजवी पेटी कुलूपबंद, म्हणून सगळी ओटी डावीकडं. डावीकडं ओझं वाढलं तसं जीन डावीकडं ओढलं गेलं आणि त्याची उजवी कड घोडीच्या खांद्यावर चढून घासत राहिली. म्हणून ओझं एकीकडं आणि जखम दुसरीकडं.

"दुकानात तर तोलून बघितलं होतं," मी म्हटलं.

"दुकानातल्या लाकडी घोड्याची वटी कोन भरतंय?" आक्का म्हणाल्या.

बाबूअण्णांना हसू आवरेना. पण हसणं ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं, की डॉक्टरीणबाईंचंही हेच होणार. या गावांत पैसा कुठला? बाळ सुखरूप झालं की लोक त्यांना तांदूळ-नारळच देणार, आणि त्या तरी नको कशा म्हणतील? जुनी माणसं घोड्यावर खुर्जी टाकत, पाठीवरून दोन्ही अंगांना लोंबणारी जोडपिशवी. आम्ही सुधारणा म्हणून तीच काढून टाकली होती.

खुर्जी करायला कापड हवं होतं. आक्कांनी आपली घोंगडी माझ्या पुढ्यात टाकली. "थंडी वाजली तर वाजली." दाभण-दोरा माझ्याजवळ असतोच. भाताला उकळी येऊन तो शिजेपर्यंत मी खुर्जीच्या दोन्ही बाजू शिवल्या. हरणीच्या जखमेला पारूनं लोणी आणि हळद लावली.

पण पाहायचं कुणावर? हरणीवर बाबूअण्णा जीन घालू देणार नव्हते, आणि बाळ्यावर आक्का बसायच्या.

"मी चालते," आक्का म्हणाल्या.

"अहो आक्का, जांबोटीपर्यंत? एवढं रान?"

"बाळ्याच्या पाठीवर मला बघून देवालाबी हसू येत असंल. चालते म्हटलं ना."

आणि त्या चालल्या. पातळ खोचून, हातात काठी, पुढं मोकळी हरणी, मागं मी बाळ्यावर नव्या जिनात, वरून टाकलेल्या खुर्जीत दोन्ही अंगांना नारळ, आणि फणस मध्ये चिरून अर्धा इकडं, अर्धा तिकडं. वाटेत पुन्हा बायका आल्या, पुन्हा ओटी झाली. या खेपेला मी तांदूळ एकीकडं टाकले की नारळ दुसरीकडं टाकी. बाबूअण्णा म्हणत, "वैनी, तराजूच झालाय तुमचा."

जांबोटीला पोचल्यावर जीन उतरवलं. बाबूअण्णांनी बाळ्याच्या पाठीवरून तळवा फिरवला, एकदा डाव्या अंगानं, एकदा उजव्या. घामाचा ओलावा दोन्हीकडं सारखा, केस सरळ बसलेले, कुठं लाली नाही.

"हां," ते म्हणाले. "आता नेऊ दे बाईंला." मी ओवरीतूनच कणकुंबीच्या दिशेला हात जोडले.

आक्कांच्या तळपायांना फोड आले होते. मी खोबरेल लावायला बसले तर पाय ओढून घेत म्हणाल्या, "घोडीला लोनी, मला त्याल. चांगलाय तुझा न्याय." पण मग लावू दिलं. पुढं जांबोटीहून त्यांना गाडीत बसवलं. गाडीवाल्यानं मागितले तेवढे दिले. एरवी मी घासाघीस केली असती.

घरी आल्यावर हे सगळं ऐकून यांनी पेटीचं कुलूपच काढून टाकलं आणि चामड्याची पक्की खुर्जी केली. जीन मिरगाच्या आत दवाखान्यात पोचलं. अशा सहलीला जायचं असेल तर माझा एकच सल्ला: ओटी मनापासून घ्या, आणि दोन्ही अंगांना वाटून ठेवा.

श्रावणात डॉक्टरीणबाई भर पावसात दुकानाच्या दारात उतरल्या, अंगावर इरलं, चिखलानं माखलेल्या, हसत. पारूला मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. "पारूनं दिलंय," म्हणून त्यांनी खुर्जीच्या एका बाजूतून नारळ काढून माझ्या पदरात घातला. मग दुसऱ्या बाजूत हात घालून आणखी एक काढला.

"आणि हा, चालत गेलेल्या आक्कांना. ती म्हणाली, त्यांच्या पदरातच घाला."

आक्का दारात उभ्या होत्या. इतकी वर्षं त्यांच्या पदरात कुणी काही घातलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं, आणि पदर पुढं केला.

"वजन सारखं हाय न्हवं दोनींचं?" एवढंच म्हणाल्या, आणि नारळ घेऊन आत देवापाशी गेल्या.