कोणत्या हाताला?

आमच्या आत्याने आयुष्यात विश्वास ठेवला तो फक्त कुलपावर, आणि तोही दोनदा ओढून पाहिल्यावर. दूधवाला पाणी घालतो, घड्याळवाला जुनीच बॅटरी पुसून बसवतो, शेजारीण साखर मागायला येते ती खरं तर घरात कोण आलंय ते बघायला, अशी तिची पक्की मतं. मी तिच्या भावाची मुलगी. नोकरीसाठी तिच्याकडे राहायला आले, तेव्हा तिने माझी बॅग दारातच उचलून तोलली आणि विचारलं, "एवढं काय आणलंयस?" पुस्तकं होती. तिने ती बाहेर काढून, झटकून पाहिली.

स्वभाव म्हणा किंवा कामाने लागलेली खोड म्हणा. वीस वर्षं ती कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात ट्रायल रूमच्या दाराशी उभी होती. कुणी किती कपडे आत नेले आणि किती बाहेर आणले, एवढंच बघायचं. "अंगात दोन शर्ट घातलेला माणूस खांदे वेगळे धरतो," असं ती सांगायची. मग दुकान बंद पडलं, त्याच सुमाराला ती साथ येऊन गेली, आणि क्रूझच्या जहाजांवर चढणाऱ्यांची लसीची प्रमाणपत्रं आणि टेस्टचे कागद तपासायला बंदरावर माणसं हवी झाली. आत्याला मोकळं रान मिळालं.

टर्मिनलमध्ये तपासणीची तीन टेबलं होती. मधलं आत्याचं. तिथून दहा पावलांवर मी सामानाला चिठ्ठ्या लावते, त्यामुळे जे सांगते ते ऐकीव नाही. बाकीच्या दोन टेबलांवर कागद उजेडात धरून बघायचे, नंबर टाइप करून बघायचे. आत्या कागदाकडे बघतही नसे. "छापायला काय, काहीही छापता येतं," म्हणायची. ती फक्त विचारायची, "कोणत्या हाताला?"

आणि उत्तर ऐकायची नाही. हात बघायची.

"ज्याने खरंच टोचून घेतलंय ना, त्याचा हात तोंडाआधी दंडावर जातो," हे मला तिने पहिल्याच आठवड्यात शिकवलं. "दोन रात्री ठणकलेला दंड माणूस विसरत नाही. ज्याने कागद विकत घेतलाय, तो आधी विचार करतो." विचार करणारा सापडला की आत्या कागद बाजूला सरकवायची आणि म्हणायची, "पुढचा." जहाज त्याला न घेता निघून जायचं. तीन वर्षांत असे एकेचाळीस जण. एका तपकिरी वहीत त्यांच्या प्रमाणपत्रांचे नंबर तिने लिहून ठेवले होते, आणि ती वही उशीखाली ठेवायची. माझा काय भरवसा.

गेल्या हंगामाच्या शेवटी नोटीस लागली. पुढच्या वर्षापासून प्रवाशांना लस आणि टेस्टची अट ठेवायची की काढायची, यावर पुढच्या महिन्याच्या अखेरीला बैठक. कंपनीचे टायवाले साहेब काढायच्या बाजूचे. बाकीच्या कंपन्यांनी अटी उठवल्या, आपल्याच केबिनी रिकाम्या जातात, लोक कागदांना कंटाळलेत, हे त्यांचं म्हणणं. बंदराच्या डॉक्टरीणबाई ठेवायच्या बाजूच्या. निदान लांबच्या सफरींना आणि वय झालेल्यांसाठी तरी ठेवा, त्या म्हणत. दहा दिवस दोन हजार माणसं एकाच छपराखाली जेवणार, एकाला झालं की सगळ्यांना होणार. त्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे आत्या. एकेचाळीस खोटे कागद एका टेबलावर सापडतात, मग अट काढून कसं चालेल?

"टेबल गेलं की मी गेले," आत्या मला म्हणाली. "अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कोण दारात उभं करणार?" ती हे हसून बोलली नाही.

याच दिवसांत तिचं वागणं बदललं.

एक दिवस सरकारी शिक्का असलेलं पाकीट तिच्या नावाने आलं. तिने ते उभ्याउभ्याच वाचलं, पिठाच्या डब्यामागे सरकवलं, आणि संध्याकाळी तिथूनही गायब केलं. मग दर गुरुवारी दुपारची सुट्टी घेऊन ती बाहेर जायला लागली. कुठे म्हटलं तर, "दाताच्या डॉक्टरकडे." पण आत्याची कवळी मी आल्यापासून रोज रात्री माझ्याच समोर वाटीत पडलेली असते. कवळीची दाढ कशी दुखते, ते मला त्या डॉक्टरलाच विचारायचं होतं.

त्यातून तिचा कोट. टर्मिनलचा निळा कोट तिला पहिल्यापासून ढगळ. तो दर गुरुवारनंतर बोटभर आवळत चालला. तिसऱ्या गुरुवारनंतर तर तिला बटण लावून पाणी पिता येईना. आता सांगा, साठीकडे झुकलेली बाई चोरून बाहेर जाते, कपडे अंगाबरोबर करून घेते, पत्रं लपवते. मला आधी वाटलं, म्हातारपणी पाय घसरला. मग त्याहून वाईट मनात आलं. टायवाल्या साहेबांनी तिला फोडलं. बैठकीत गप्प बसायचे काहीतरी पैसे ठरलेत. सलग दोन दिवस मी तिच्याकडे तिच्याच डोळ्यांनी बघत होते, आणि खरं सांगते, मला त्यात मजाही येत होती. गुरूची विद्या गुरूलाच.

चौथ्या गुरुवारी मी तिच्या मागोमाग गेले.

ती दोन बस बदलून गेली आणि एका अरुंद गल्लीत, 'कपडे दुरुस्त करून मिळतील' अशी पाटी असलेल्या खोलीत शिरली. मी दोन मिनिटं बाहेर थांबले आणि सरळ आत घुसले. मशीनपुढे पन्नाशीची एक बाई बसली होती, दोन्ही हातांना मनगटापासून खांद्यापर्यंत घट्ट, कातडीच्या रंगाचे बाह्यांसारखे मोजे. आत्या स्टुलावर. मांडीवर तोच कोट.

"हे तुझे दाताचे डॉक्टर?" मी म्हटलं.

आत्या चोरी पकडल्यासारखी उभी राहिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर जे तिने पाहिलं, ते पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर आलं होतं. "कार्टे, माझ्यावर पाळत ठेवतेस?"

"कुणाकडून शिकले?"

शिंपीणबाईंनी पायाने मशीन थांबवलं. "बसा दोघी," त्या म्हणाल्या. "आणि ताई, आता कोट आणखी आत घेता येणार नाही हो. शिवणीत कापडच उरलं नाही. काय विचारायला आला होतात ते विचारून टाका."

"तुम्ही मला ओळखता?" आत्याने विचारलं.

"पहिल्याच दिवशी ओळखलं. तुमचा आवाज विसरेन होय? 'पुढचा.' मी वाट बघत होते, तुम्ही कधी तोंड उघडता त्याची."

मग आत्याने कोटाच्या आतल्या खिशातून ते पाकीट काढून माझ्या हातात दिलं. साहेब आपल्या कामात खोट काढतील या संशयाने तिनेच ते एकेचाळीस नंबर आरोग्य कार्यालयाकडे पडताळायला पाठवले होते. उत्तर आलं होतं. चाळीस नंबरांपुढे 'नोंद नाही'. एकापुढे 'नोंद खरी'. तो नंबर या बाईंचा. आत्याला वाटलं, कार्यालयानेच घोळ घातला किंवा साहेबांनी घालायला लावला. म्हणून अडवलेल्यांना देतात त्या पावतीच्या प्रतीवरून पत्ता काढून ती कोट घेऊन इथे आली, ती या बाईंना खोटं ठरवायलाच. तीन गुरुवार ती त्यांचे हात बघत बसली होती.

"मी विचारलं तेव्हा तुमचा हात हलला नाही," आत्या म्हणाली. तिचा आवाज अजूनही टेबलावरचाच होता. "कुठल्याच दंडाकडे गेला नाही."

"दंडावर घेतलीच नव्हती, तर कसा जाईल?" शिंपीणबाई म्हणाल्या. "माझं दोन्ही बाजूंचं छातीचं ऑपरेशन झालंय. काखेतल्या गाठी काढल्या. या हातांना सुई चालत नाही, सुजतात. नर्सने मांडीला दिली. तुमच्या टेबलाशी माझ्यामागे चाळीस माणसं उभी. मांडी म्हटलं की का ते सांगायला हवं. मी कसं सांगू याचा विचार करत होते, तेवढ्यात तुम्ही 'पुढचा' म्हणालात."

"तक्रार का नाही केलीत?"

"म्हणजे तेच परत आणखी चार जणांपुढे सांगायचं."

त्या बाईंची थोरली बहीण पलीकडच्या किनाऱ्यावर राहते. ती हळूहळू सगळं विसरत चालली होती, म्हणून या निघाल्या होत्या. चार महिन्यांनी दुसऱ्या टेबलावरून जहाजावर चढल्या आणि पोचल्या, तेव्हा बहिणीने दार उघडून विचारलं, "कोण हवंय आपल्याला?"

आत्याने कोटाची बटणं एकेक करून लावली. मग माफी मागायची सोडून म्हणाली, "बैठकीत मी हे सांगितलं तर ते टेबलच उचलतील." मला तिची लाज वाटली. इतकी वाटली की मी तोंड फिरवलं.

पण शिंपीणबाई रागावल्या नाहीत. "टेबल हवंच मला," त्या म्हणाल्या. "मला साधा ताप परवडत नाही. त्या जहाजात कोण काय घेऊन चढलंय, हे कुणीतरी बघायलाच हवं. पण पडदा लावा की हो. आणि विचारलंत तर जरा थांबा." मग त्यांनी कोट हातात घेतला. "हा मी उसवून देते. सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. माझं नाव आणि माझं अंग तेवढं त्यात आणू नका."

बैठकीपर्यंतच्या रात्री आत्याने कूस बदलत काढल्या. मी विचारलं नाही. तिने सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता.

बैठक टर्मिनलच्या वरच्या हॉलमध्ये झाली. आम्हा चिठ्ठीवाल्यांना मागे उभं राहायची परवानगी होती. डॉक्टरीणबाई छान बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "तीन वर्षांत एकेचाळीस. आता त्यांच्याच तोंडून ऐका."

आत्या उभी राहिली. वही उघडली नाही. "चाळीस," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

"एक बाई खरी होती. मी तिला विचारलं आणि उत्तराला थांबले नाही. ती ज्या कामाला चालली होती, ते काम त्यामुळे कायमचं राहिलं. चूक कागदाची नव्हती, माझी होती. अट ठेवा. टेस्टही ठेवा. तिच्यासारख्यांसाठीच ठेवा. पण टेबलापुढे पडदा लावा, आणि टेबलावर माझ्यासारखी बसवू नका."

आणि जे व्हायचं तेच झालं. टायवाले साहेब गोड हसले. "बघा," ते म्हणाले, "एवढ्या अनुभवी बाईंच्या हातूनही निरपराध माणूस अडतो. म्हणूनच मी म्हणतो, अटच नको." आत्याच्या वाक्यातलं त्यांना हवं तेवढंच त्यांनी उचललं. डॉक्टरीणबाईंनी आत्याकडे असं बघितलं, की मी असते तर खाली बसले असते. आत्या उभीच राहिली. मला तिचा अभिमानही वाटला आणि तिचं तोंड दाबून धरायला हवं होतं असंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

नव्या हंगामात तीनही टेबलं उचलली. आता प्रवाशाने एका कागदावर 'माझी तब्येत ठीक आहे' यापुढे स्वतःच खूण करायची. आजवर एकाही माणसाने दुसरीकडे खूण केल्याचं मी पाहिलेलं नाही. एवढी ठणठणीत माणसं एका ठिकाणी जमतात कशी, देव जाणे.

आत्याकडून बिल्ला परत घेतला. कोट कुणाच्या मापाचा नव्हता, म्हणून तिच्याकडे राहिला. तोच घालून ती पहिल्या जहाजाच्या दिवशी टर्मिनलमध्ये आली, शिंपीणबाईंची बॅग घेऊन. त्यांच्या हातांना वजन चालत नाही. बहिणीकडेच निघाल्या होत्या. "वाळलीय ती," मला म्हणाल्या, "सगळे कपडे ढगळ झालेत. माप मलाच घ्यायला हवं."

रांगेत पुढे एक जण खोकत होता. रुमालात, दाबून. शिंपीणबाईंनी मास्क वर ओढला. आत्याची नजर त्याच्या खांद्यांवर गेली, तिथेच खिळली, आणि मग तिने ती जमिनीकडे वळवली. त्या खोकणाऱ्याने फळीवर कागद ठेवून खूण केली आणि तो आत गेला.

शिंपीणबाईंची पाळी आली. त्यांनी खूण केली, आणि पर्समधून आपलं जुनं लसीचं प्रमाणपत्र काढून कारकुनापुढे ठेवलं. घड्यांवर झिजलेलं.

"हे आता लागत नाही, बाई," तो म्हणाला, आणि न बघताच परत सरकवलं.

त्या तशाच उभ्या राहिल्या. ज्या कागदापायी त्यांची बहीण त्यांना दुरावली, तो आता कुणाला नकोच होता. मागून कुणीतरी म्हणालं, "चला ना पुढे." मी चिठ्ठी हातात धरून थांबले.

आत्याने बॅग खाली ठेवली आणि हात पुढे केला. शिंपीणबाईंनी कागद तिला दिला. आणि आत्या, जिने तीन वर्षांत एक प्रमाणपत्र धड पाहिलं नव्हतं, ती चष्मा चढवून तो कागद वाचायला लागली. नाव. जन्मतारीख. लसीचा नंबर. पहिली तारीख, दुसरी तारीख. नर्सची सही. रांग कुरकुरली, कारकून "अहो" म्हणाला, पण ती खालच्या बारीक अक्षरांपर्यंत पोचल्याशिवाय थांबली नाही. मग तिने कागद होता त्याच घड्यांवर दुमडला आणि दोन्ही हातांनी परत दिला.

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "जा तुम्ही."