मास्तरांच्या कपाळावर हाणलेला नारळ

नातीच्या शाळेत गुणगौरव होता. पाहुणा म्हणून माझ्या हातात नारळ ठेवला आणि त्याच्या सोललेल्या शेंडीचा ओलसर वास नाकात शिरला. डोळ्यांपुढे रत्नागिरीचं हायस्कूल आलं. मी मॅट्रिकला पहिला आलो होतो आणि गळ्यात अबोलीचा हार होता.

हेडमास्तरांनी मला नारळ दिला आणि जाहीर केलं, की मुंबईच्या कॉलेजात त्यांनी माझी सोय लावली आहे. तेवढ्यात बाबा पायऱ्या चढून वर आले. ते दाभोळच्या गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. त्यांनी माझ्या मुस्काटात अशी भडकावली की हार तुटला. मग नारळ हिसकावला आणि मास्तरांच्या कपाळावर हाणला.

"एक पोरगा मुंबयच्या गिरणीनं खाल्लान. ह्यो नाय द्यायचा!" माझा थोरला भाऊ मुंबईच्या गिरणीतच मेला होता.

नारळ जांभ्याच्या पायरीवर आपटून फुटला. मास्तरांच्या भुवईतून रक्ताची धार लागली, कोट लाल झाला. शिपाई धावला, त्याला बाबांनी लाथेने उडवला. तेव्हा मला ते वैरी वाटले. आज आठवतो तो त्यांचा चिरकलेला, रडका आवाज.

खांबाला धरून मास्तर म्हणाले, "तांडेल, नारळ फुटला. आता गलबत मागे घेणार?"

नारळ फोडून निघालेलं गलबत आमच्यात माघारी वळवत नाहीत.  बाबांनी डोईचं मुंडासं सोडलं, मास्तरांच्या कपाळाला करकचून बांधलं आणि विचारलं, "मुंबयची बोट कंदी सुटते?"