तोंड धुतलेली वेस

पडक्या वास्तूंची चित्रं रंगवत मी खानदेशभर फिरतो. धुळ्याजवळच्या एका खेड्यात जुनी वेस सापडली. कमानीवर गवत माजलेलं, फटीतून पिंपळाचं रोप डोकावतंय. अगदी मला हवी तशी! पायथ्याशी बसलेल्या गावातल्या एका म्हाताऱ्या आबांना म्हटलं, "उद्या रंग घेऊन येतो, हिचं चित्र काढायला."

दुसऱ्या दिवशी बघतो तर गवत गायब, पिंपळ डालड्याच्या डब्यात लावलेला, खाली सडा आणि वर आंब्याच्या पानांचं तोरण. धुतलेली टोपी घालून आबा झाडू घेऊन उभे.

"आबा, हे काय केलंत?" मी वैतागलोच.

"चित्र काढानं शे ना? मंग तोंड धोवाले नको?"

मी रंगवायला बसलो. आबा मागून बघत होते. कमानीतली भेग कागदावर उतरली, तसा त्यांनी माझा खांदा दाबला.

"हाई भेग मी चार दिनमा बुजसू, भाऊ. तू चित्रमा आजच बुजी टाक."

मी बुजवली. माझ्या सगळ्या चित्रांत तेवढं एकच खोटं.

महिन्याभराने त्याच वाटेने जाताना सहज थांबलो. भेगेत नवा चुना भरलेला होता. आबांनी माझं चित्र खरं करून ठेवलं होतं.