ढोलीतून बोलणारे साडभाऊ

आमच्या थोरल्या साडभाऊंइतका मोकळ्या मनाचा माणूस साऱ्या गोंडपिपरी तालुक्यात सापडायचा नाही, आणि चुकून सापडलाच तर ते दोघं मिळून तालुका बहिरा करून सोडतील. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांच्या पोटात आजवर एक गोष्ट राहिलेली नाही. आमच्या लग्नाची बोलणी चालू असताना, मुलीकडच्यांनी अजून होकार कळवायचा होता, तेव्हा हे गृहस्थ गडचांदूरला आमच्या घरी केवळ पाणी प्यायला म्हणून आले आणि होकार, लग्नाची तारीख, आचाऱ्याचं नाव आणि सासूबाईंचा माझ्या नाकाविषयीचा अभिप्राय एवढं सगळं सांगून, पाणी न पिताच निघून गेले. अशा माणसाच्या हाती पुढे इंटरनेट पडलं. पडायलाच नको होतं, असं मी म्हणणार नाही. पण जपून पडायला हवं होतं.

आवाज ही त्यांची जन्माची कमाई. आमच्याकडे झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव नाटकं लागतात, आणि त्यांच्या आधी गावोगाव जीप फिरते. जीपवर भोंगा, भोंग्यामागे माईक आणि माईकमागे आमचे साडभाऊ. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी नाटकाच्या जाहिराती पुकारण्यात घालवली. नाटक पडेल असलं तरी जाहिरात पडत नसे. आया पोरांचं नाक पुसायचं थांबवून दारात येत. मग कुणीतरी शोध लावला की आवाज एकदा भरून ठेवला की जीपमध्ये माणूस बसवायची गरज नाही. साडभाऊ भोंगा आणि माईक घेऊन घरी आले. काही दिवस त्यांनी घरातच काम चालू ठेवलं. 'रसिकहो, वरण उतू जाऊन राह्यलं' असं ओसरीवरून ऐकू येई. पण घरात प्रेक्षक एकच, बाई. बाई म्हणजे माझी मेहुणी. वयाने आणि मानाने मोठी म्हणून आम्ही सगळे तिला बाईच म्हणतो. ती जेवढी गप्प तेवढे हे बोलके. साडभाऊ त्या काळात खरंच खंगले होते. ऐकणारं कुणी नसलं की माणूस कसा बसल्या जागी म्हातारा होतो, ते मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

मग एका दिवाळीत त्यांनी मला बाजूला घेतलं आणि शेजारच्या गावापर्यंत पोचेल अशा आवाजात गुपित सांगितलं. 'साडभाऊ, मी आता आनलाइन येऊन राह्यलो.' बाई मोहफुलांचे लाडू करी, जवसाची चटणी करी, लाखोळीच्या डाळीचे वडे वाळवी आणि आठवडी बाजारात विकी. तो माल साऱ्या जगाला कळवायचा बेत होता. मी विचारलं, 'बाईला विचारलं का?' ते म्हणाले, 'तिले काय विचारा लागते? ती लाडू करते, मी बोलतो. धंद्याले दोनच गोष्टी लागतात.'

पहिली अडचण अशी की घरात रेंज नाही. रेंज बोडीच्या पारीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर येते, तीही एका ठरावीक बाभळीजवळ. साडभाऊंनी त्या बाभळीखाली एक दगड मांडला आणि त्याला ऑफिस म्हणू लागले. दुसरी अडचण पॉडकास्टची. घरात कोंबड्या, शेजारी पिठाची चक्की, समोर पोरं. शांत जागा कुठे मिळावी? शेवटी त्यांना धान ठेवायची ढोली आठवली. पुरुषभर उंचीची बांबूची, आतून-बाहेरून शेणानं सारवलेली. धान संपलं होतं. साडभाऊ शिडी लावून आत उतरले आणि पहिला भाग मोठ्या थाटात रेकॉर्ड केला. भोंग्यात शेवटचा शब्द घुमतो, मोबाइलमध्ये घुमत नाही, म्हणून ते घुमणं त्यांनी तोंडानंच केलं. 'नमस्कार... स्कार... स्कार! आजचा विषय जवस... वस... वस!' शिडी मात्र बाहेरच राहिली होती. त्यामुळे तो भाग 'अवो, आयकता का, मले काढा वो' या वाक्यानं संपतो. ते त्यांनी कापलं नाही. पुण्यामुंबईच्या लोकांनी तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा ऐकला आणि लाडवांना गिऱ्हाईक मिळालं. तेव्हापासून प्रत्येक भागाच्या शेवटी ते 'मले काढा' म्हणतातच, शिडी आत असली तरी.

ब्लॉगचं तंत्र निराळं. जवसाच्या चटणीवरचा लेख त्यांच्या आजोबांच्या जन्मापासून सुरू होतो आणि चटणी येईपर्यंत वाचणाऱ्याची भूक मेलेली असते. पण खाली कुणी काही लिहिलं की साडभाऊ उत्तर देणार म्हणजे देणारच. बोलावणाऱ्याला ओ न देणं त्यांना माणुसकीला सोडून वाटतं. एकदा कुठल्याशा परदेशी कंपनीनं टक्कलावरच्या तेलाची जाहिरात त्यांच्या लेखाखाली चिकटवली. माणसानं नव्हे, यंत्रानं. साडभाऊंनी उत्तर लिहिलं, 'भाऊ, आमच्या घरी देवाच्या दयेनं साऱ्याईच्या डोक्यावर केस हायेत. तरी इकडे आले तं जेवाले या.' लग्नात ते आहेर देता देता नवरा-नवरीला फॉलो करायला लावतात. एका तेराव्याला त्यांनी जेवणाऱ्या पंगतीतून फिरत मोबाइल पुढे केला, तेव्हा मी पानावरून उठायच्या बेतात होतो. पण मेलेल्या माणसाची बायकोच म्हणाली, 'राहू द्या, त्यायले लय आवडत होतं भाऊंचं बोलनं.' आणि तिनंच पहिल्यांदा बटण दाबलं.

असं सगळं छान चाललं होतं, आणि मग टेकोडे निघाले.

श्रावणात जंगलातल्या वारुळांवर पांढरी शुभ्र अळिंबी उगवते, ते टेकोडे. चवीला मटणाच्या वर. आमच्याकडे माणूस घराची किल्ली देईल, पण आपल्या टेकोड्यांची जागा सांगणार नाही. बाईची जागा तिला तिच्या आईनं दाखवली होती, आईला तिच्या आईनं. माझ्या बायकोलाही ती ठाऊक नाही, आणि तिनं कधी विचारली नाही. असल्या गोष्टी विचारायच्या नसतात. बाई दर श्रावणात पहाटे एकटी जाई आणि पळसाच्या पानांत बांधून आणी. साडभाऊंना तिनं कधी सोबत नेलं नव्हतं. कारण उघड होतं.

गेल्या वर्षी बाईचा गुडघा दुखत होता. नाला ओलांडताना हात धरायला कुणी तरी हवं, म्हणून तिनं नवऱ्याला नेलं. साडभाऊंनी शपथ घेतली होती, आणि मी छातीवर हात ठेवून सांगतो, ती त्यांनी मनापासून घेतली होती. व्हिडिओ काढला तोही बाईच्या हातांचा. पांढरे टेकोडे आणि ते अलगद उचलणारे तिचे हात, बस. पण शेवट करताना जन्माची सवय आडवी आली. नाटकाची जाहिरात कधी ठिकाण सांगितल्याशिवाय संपते का? साडभाऊंचा सूर लागला आणि तोंडातून आपोआप निघून गेलं, 'ठिकाण... काण... काण! नाल्याच्या पल्याड, दोन खोडांच्या येनाच्या झाडाच्या बुडाशी!' बोडीच्या पारीवर जाऊन त्यांनी ते जगाला पाठवलं आणि घरी येऊन निवांत झोपले.

तीन गावांची माणसं टोपल्या घेऊन गेली. कुणी सब्बल, म्हणजे पहार नेली होती. जमिनीखाली आणखी असतील म्हणून त्यांनी वारूळच उकरलं. बाई दोन दिवसांनी काठी टेकत गेली, तेव्हा तिथं मातीचा ढीग होता. ती घरी आली, हातपाय धुतले, भात टाकला. भांडली नाही, रडली नाही. नुसती साडभाऊंशी बोलायची थांबली. लाडूही थांबले. गिऱ्हाइकं विचारत होती, पण साडभाऊंना त्याचं काही नव्हतं. ते मला फोनवर म्हणाले, 'साडभाऊ, ती वाढते, पानी देते, पन माह्याकडे पायत नाई. ती आयकत नाई तं मी बोलू कोनाले?' मी हसलो नाही. उभ्या आयुष्यात इतक्या लहान आवाजात ते कधी बोलले नव्हते.

त्यांनी व्हिडिओ काढून टाकला. ढोलीत उतरून माफीचा खास भाग केला. बाईनं तो ऐकला नाही, ती पॉडकास्ट कधीच ऐकत नाही. मग मी आणि बायको समजूत घालायला गेलो, त्या दिवशी साडभाऊंनी माळ्यावरचा भोंगा काढला, स्कूटरला बांधला आणि गावभर फिरून जाहीर माफी मागितली. 'चूक माही... माही... माही!' आता भोंगा असूनही तोंडानं घुमवत होते, इतके गडबडले होते. सगळा गाव मागे. फेरी घरासमोर येऊन थांबली. बाई दारात आली. हाताला कणीक लागलेली होती.

'साऱ्या गावाले सांगतलं,' ती म्हणाली. 'मले कोन सांगन?'

साडभाऊंनी माईक बंद केला. तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. गाव वाट बघत होता, मी वाट बघत होतो. एक शब्द फुटला नाही त्यांच्या तोंडून. डोळ्यांतून पाणी मात्र आलं. बाईनं ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, 'स्कूटर सावलीत लावा. अन् जेवाले या.'

लाडू पुन्हा सुरू झाले, पॉडकास्टही. यंदा श्रावणात आम्ही गेलो तेव्हा घर उघडं होतं आणि दोघंही नव्हते. साडभाऊंचा फोन कोनाड्यात पडला होता. त्यांचा फोन त्यांच्यावाचून मी पहिल्यांदाच पाहिला. दुपारी ती दोघं आली. बाईनं त्यांचा हात धरला होता. पळसाच्या पानात मूठभर टेकोडे होते, पूर्वीच्या मानानं काहीच नाही. बायकोनं विचारलं, 'जुन्याच जागी निघाले का?' बाईनं पळसाची पानं सोडायला घेतली. मी साडभाऊंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, श्वास भरला गेला, सूर लागतोय असं मला वाटलं. त्यांनी एकदा बाईकडे पाहिलं आणि मला म्हणाले, 'बसा, साडभाऊ. पानी घ्या.'

त्या मूठभर भाजीचा प्रत्येकाच्या पानात एकेक तुकडा आला. साडभाऊंनी फोटो काढला नाही. जेवताना ते गप्प होते आणि मला, खरं सांगतो, त्यांचा आवाज आठवून जरा चुकल्यासारखं झालं.

गडचांदूरला परतल्यावर मी त्यांचा ब्लॉग उघडला. चटणीवरच्या लेखाखाली कुणीतरी विचारलं होतं, 'काका, यंदा टेकोडे कुठे मिळाले?' त्याच्या वरच्या प्रश्नाला उत्तर आहे, खालच्यालाही आहे. मी अधूनमधून उघडून बघतो. तेवढ्या एका माणसाला साडभाऊंनी अजून ओ दिलेली नाही.