एकाच अर्जातली चार नावं

ती घटना आठवली की आजही आधी एका तान्ह्या मुलीचं रडणं कानात येतं. तेव्हा मी राज्याच्या सीमेपलीकडे, सौंसरच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. केस डायरी हिंदीत लिहायची, माणसं मात्र मराठीत रडायची.

संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत एका घरची धाकटी सून बुडून मेली. सासरचे म्हणाले, पाणी काढताना पाय घसरला. तिगावहून आलेल्या तिच्या आईनं फिर्याद दिली की मोटरसायकलसाठी लेकीचा छळ चालला होता. आरोपी चार: नवरा, सासू, थोरला दीर आणि त्याची बायको, म्हणजे मेलेलीची थोरली जाऊ. दीर नोकरीनिमित्त नागपुरात राहायचा, तरी त्याचं नाव होतंच. आमच्याकडे अशा फिर्यादीत सासरचं आठवेल ते माणूस घातलं जातं. पोटची लेक गेलेल्या आईला कोण अडवणार?

चौघांनी एकच वकील करून एकाच अर्जात अटकपूर्व जामीन मागितला. कोर्टानं सुनावणीपर्यंत अटक थांबवली आणि चौकशीला हजर राहायला सांगितलं.

दरम्यान त्याच गावचा एक शेतकरी कसलासा दाखला विचारायच्या निमित्तानं ठाण्यात आला आणि जाता जाता म्हणाला, "साहेब, त्या विहिरीवर मोटर हाय. बादलीनं पाणी कोण काढून राहिलं आता?" मी स्वतः जाऊन पाहिलं. नळ थेट अंगणात होता, विहिरीवर दोर-बादलीचा पत्ता नव्हता.

चौकशीत चौघंही पाय घसरल्याचं एकच वाक्य बोलले. नागपुरात असलेला दीरसुद्धा! खरं पाहिलेली माणसं थोडी इकडेतिकडे बोलतात. पढवलेली चुकत नाहीत. फक्त जाऊ ते वाक्य खाली मान घालून बोलली. तिच्या मांडीवर दोन लेकरं होती, एक तिचं आणि एक मेलेलीचं. दोघांना तीच अंगावर पाजत होती.

तेवढ्यात तिगावची आई नात मागायला ठाण्यात आली. तिनं मुलीला उचललं, बाटली तोंडाला लावली. पोरगी बाटली घेईना, रडून काळीनिळी पडली. म्हातारीनं बराच वेळ थोपटून पाहिलं. शेवटी स्वतःच उठली आणि जिचं नाव फिर्यादीत लिहिलं होतं तिच्याच पदराखाली नातीला दिलं.

पोरगी शांत झाली आणि जाऊ बोलू लागली. "मावशी, ती घसरली नाही. सासूनं अन् हिच्या बापानं तिले मारलं, गाडी आणल्याबिगर घरात येऊ नको म्हणलं. मी आडवी गेली तं मलेबी ढकललं. ती तशीच रडत विहिरीकडे गेली अन् उडी घेतली. वकील म्हणे, एक फुटला तं चौघंबी आत जाल. मंग या लेकरायले कोण पाजन?"

म्हातारीनं नातीवरचा तिचा पदर सारखा केला. मग मला म्हणाली की हिच्या जामिनाला माझी हरकत नाही, हे लिहून घ्या.

जावेनं आणि दिरानं वेगळा वकील करून वेगळा अर्ज दिला. मी डायरीत जे दिसलं तेच लिहिलं. त्या दोघांना जामीन मिळाला. सासू आणि नवऱ्याचा अर्ज फेटाळला गेला आणि मी त्यांना अटक केली. आरोपपत्रात जावेचं नाव साक्षीदारांत आलं.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. सगळ्यांना एका दोरीत बांधलं की निर्दोष माणूसही दोषी माणसाची बाजू राखतो, आणि त्यात फावतं ते खऱ्या गुन्हेगाराचं. तेव्हापासून मी प्रत्येक नाव वेगळं तपासलं.

खटला उभा राहीपर्यंत ती मुलगी चालू लागली होती. आरोपीच्या वकिलानं जावेला उलटतपासणीत विचारलं, स्वतः सुटण्यासाठीच सासूवर ढकलता ना?

ती म्हणाली, "मी तं कवाच सुटली, साहेब. हे पोरगी उद्या मले विचारन, माही माय कशी मेली. तिले खोटं सांगाले कोणता जामीन भेटन?"