पान्यांच्या सुटीचा दिवस

देवावर माझा विश्वास आहे का, असं कोणी विचारलं तर मी अजूनही अडखळते. नाही म्हणायचं धाडस होत नाही आणि हो म्हणताना आपण खोटं तर बोलत नाही ना, असं वाटतं. मागच्या वर्षी आमच्या दारात एक साधीशीच गोष्ट घडली. ती लिहून काढली तर मला स्वतःला तरी काही कळेल, म्हणून लिहायला बसले आहे. मी कोलकात्यात वाढले, मराठी फक्त घरात बोलते, तेव्हा कुठे शब्द चुकला तर सांभाळून घ्यावं.

आमचा एक जुना छोटा ट्रक आहे. बाबा सांगलीकडून इथे आले ते दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून. पुढे काही वर्षांनी त्यांनी हा ट्रक घेतला. गार्डन रीचमधल्या आमच्या गल्लीत, घराशेजारच्या मोकळ्या जागेत तो उभा असतो. त्याचं स्टिअरिंग फार जड. माल भरला की वळणावर बाबा सीटवरून अर्धे उठायचे आणि दोन्ही हातांनी चाक ओढायचे. त्यातच त्यांचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे असंच चालू ठेवलंत तर हात वर उचलता येणार नाही. बाबांनी दोन दिवस गाडी बाहेर काढली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "गाडी विकू आणि गावाकडं जाऊ." ट्रकस्टँडवरचा एक जण ट्रक घ्यायला तयारच होता.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तेव्हा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. मी चाचरत विचारलं, "नव्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग असतं, ते आपल्या गाडीला बसवलं तर?" बाबांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "बसत असंल तर बसवू. तू शिकतीस ना? तूच सांग." त्या वाक्याने मला आनंद व्हायला हवा होता, पण मला भीती वाटली. मी चुकले तर ती चूक ओळखणारं घरात कोणीच नव्हतं, आणि त्या चाकामागे बाबा बसणार होते.

मल्लिक बाजारात गाड्यांचे जुने भाग मिळतात. तिथे दोन-तीन रविवार फिरून आम्ही इंजिनाच्या जोरावर चालणारा पंप, तेलाची छोटी टाकी, नळ्या आणि आमच्या ट्रकच्याच जातीच्या नव्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे हातातलं चाक फिरवलं की पुढची चाकं वळवणारी पेटी, मिळवला. बाबांना खांद्यामुळे जोर लावता येत नव्हता, म्हणून ते बाजूला स्टुलावर बसून सांगायचे आणि पाना मी चालवायची. ते दिवस मला फार आवडले, हे कबूल करते. तेलाच्या दाबाची गणितं मी परीक्षेत सोडवली होती. पण त्या बॉक्सचा दांडा हाताने फिरवल्यावर आत उरलेल्या तेलाची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली, तेव्हा कुठे दाब म्हणजे काय ते समजलं. बाबा इतके हसले की आई बाहेर येऊन बघून गेली.

पण दिवस संपत आले. ज्यांचा माल बाबा गोदीत पोचवायचे त्या ठेकेदारांनी सांगितलं होतं, विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी गाडी हजर नसेल तर काम दुसऱ्याला जाईल. काम गेलं की ट्रक विकणंच उरत होतं. पूजेच्या दिवशी सकाळी आमचं फक्त एक काम शिल्लक होतं. जुना बॉक्स काढला होता, त्याच जागी चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, नवा बॉक्स चार बोल्टांनी आवळायचा होता. त्या दिवशी इथे ट्रक चालवत नाहीत, हत्यारांना हात लावत नाहीत, त्यांची पूजा करतात. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण बाबांनी तोड काढली. "हे इथल्या लोकांचं झालं. आपली हत्यारांची पूजा दसऱ्याला. तवा मी पान्याला शिवणार पण नाही."

आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अहो, मागच्या दसऱ्याला तुम्ही ब्रेक काढून बसला होता. तेव्हा म्हणालात, इथं विश्वकर्म्याला झाली की पूजा! म्हणजे देव दोन आणि सुट्टी एकाचीही नाही."

बाबा हसले आणि मला म्हणाले, "तू खाली जा गं."

मी ट्रकखाली शिरणार इतक्यात गल्लीतून एक म्हातारे गृहस्थ आले. लुंगी, खांद्यावर गमछा, हातांना हळद लागलेली. मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या ऑटोस्टँडच्या पूजेत खिचडी करायला आलेले ते आचारी होते आणि गल्लीतल्या लोकांना जेवायला बोलावत फिरत होते. माझ्या हातातला पाना बघून ते थांबले. "आज नहीं, मा. आज उनका छुट्टी है." असं म्हणून त्यांनी हात पुढे केला, एखाद्या लहान मुलीच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा. मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "दादा, बस चार बोल्ट." ते म्हणाले, "चार बोल्ट का भी छुट्टी है."

बाबा पुन्हा वाद घालतील असं मला वाटलं. पण त्यांनी मान डोलावली आणि मला पाना देऊन टाकायला सांगितलं. आचाऱ्यांनी तो पायरीवर ठेवला आणि ट्रकच्या त्या उघड्या, काळ्या पडलेल्या जागेकडे बघून म्हणाले, "पूजा के दिन गंदा रखा है? नहला दो इसको. ब्रश चलेगा." मग खिचडीची आठवण करून ते पुढे गेले.

मला राग आला होता. उद्या सकाळी गाडी लागणार होती आणि आम्ही तिला आंघोळ घालत बसणार होतो. तरीही मी ब्रश आणि रॉकेल घेतलं. बॉक्स बसवण्याच्या तयारीत मी फक्त चार भोकांभोवतीचं ग्रीस खरवडलं होतं, कारण बोल्ट तेवढ्याच जागेत बसतात. आता करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं म्हणून सगळंच धुतलं. या पूजेला इथे पतंग उडवतात; वर कोणीतरी पतंग कापला आणि पोरं ओरडली, तेव्हा मी मान वर केली. परत खाली बघते तर धुतलेल्या लोखंडावर गंजाची केसासारखी लाल रेघ. ती पुसली, ती गेली नाही. नखाने चाचपली, नख अडकलं. वरच्या भोकापासून निघून ती खालच्या भोकापर्यंत गेली होती.

"बाबा, जरा इकडे या."

ते वाकले. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "चासी तडकलीय." नवा बॉक्स जुन्यापेक्षा कितीतरी जास्त जोर त्याच जागेवर देणार होता. भरल्या गाडीत, वळणावर ती जागा सुटली असती तर चाक बाबांच्या हातात नुसतंच फिरलं असतं आणि गाडी वळलीच नसती. हे मला माझ्याच अभ्यासावरून कळत होतं, आणि मी ते आधी तपासलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा तीच रेघ पुसत राहिले. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आपण दोघांनी बी बघितलं नव्हतं," एवढंच म्हणाले.

त्यांनी ठेकेदारांना फोन करून खरं ते सांगितलं. ते चिडले, पण चार दिवस दिले. वेल्डरने तड्याच्या टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तडा भरून वरून जाड पट्टी जोडली. मी प्रत्येक टप्प्याला का, कसं विचारत राहिले, इतकं की तो म्हणाला, "तुम ही कर लो, दीदी." त्यानंतरच चार बोल्ट लागले.

मधल्या एका दुपारी मी त्या आचाऱ्यांना शोधत गेले. ते सहज सापडले, पलीकडच्या वस्तीत राहतात, लग्नाकार्यात स्वयंपाक करतात. मी सगळं सांगून विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते गोंधळले. "मैं क्या जानूँ गाड़ी का? मैं तो खिचड़ी के लिए बुलाने आया था. तुम लोग आया भी नहीं." मी आणखी खोदून विचारलं, मग धुवायला का सांगितलंत? "पूजा है, तो नहलाएगा नहीं?" एवढं म्हणून ते कांदे चिरायला लागले. मी तशीच परतले. तेव्हापासून मी खूप विचार केला आहे. एवढं कळतं की त्या दिवशी माझं शिक्षण, बाबांचा अनुभव आणि आमची घाई, तिन्ही एकाच दिशेने चालली होती आणि 'छुट्टी' या एका शब्दाने ती थांबली. आपल्याला पटलेलं नसतानाही हातातलं खाली ठेवता येणं, शरण जाणं म्हणतात ते कदाचित एवढंच असेल.

पहिल्या खेपेला मी बाबांच्या शेजारी बसले. सबंध वाट माझे कान खाली चासीकडे होते. जरा आवाज आला की मी खिडकीतून वाकून खाली बघायचे. गोदीच्या फाटकाआधी रस्ता रुंद होतो. तिथे बाबांनी डाव्या हाताने चाक फिरवलं आणि भरलेला ट्रक अलगद वळला. त्यांनी वळण पुरं केलं, पण ते फाटकाकडे गेलेच नाहीत. काही गरज नसताना त्यांनी सबंध गोल फेरी मारली. फाटकावरचा माणूस हात उडवून "की होलो, दादा?", काय झालं, असं ओरडला. बाबांनी त्याला हसून हात केला, तो दुखरा, उजवा होता, आणि दुसरी फेरी सुरू केली. त्या फेरीला मी आवाज ऐकायचं सोडून दिलं आणि नुसती बसून राहिले. आभार कोणाचे मानायचे ते माझं ठरलं नव्हतं, तरी मी ते मनापासून मानत होते.