मामाला जखम होईना

धडपड्या, तुझ्याबद्दल लिहायला बसले आहे. खोटं लिहिणार नाही आणि गोडही लिहिणार नाही. दोन्हींची सवय नाही. इथून पुढे तुला 'तो' म्हणेन, म्हणजे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. स्वतःला मी 'थोरली बहीण' म्हणेन.

तर तो फोटोफ्रेमवाला. गल्लीच्या टोकाला खाटेएवढं दुकान, भिंतीला टेकवलेल्या काचा, लाकडी पट्ट्यांचे भारे आणि बोटांना कायम चिकटपट्ट्या. गप्पा मारता मारता काच कापायची, शिंकता शिंकता खिळे ठोकायचे, हे त्याचं कसब. काच बरोबर रेघेवर तुटायची, बोट रेघेबाहेर कापायचं. थोरल्या बहिणीकडे जेवायला आला की ती आधी हात बघायची, मग ताट वाढायची.

बहिणीची मुलगी प्रयोगशाळेत. तिने कसल्याशा पाल्याच्या अर्कापासून जखमेवर लावायचं हायड्रोजेल केलं. दिसायला गार झालेल्या खळीसारखं, थुलथुलीत, बहुतेक पाणीच. जखम ओलसर राहिली की लवकर भरते, असं तिचं म्हणणं. ज्या घरात 'मोकळी ठेवा, वाळू द्या' म्हणत फुंकर घालण्यात हयात गेली, तिथे हे म्हणजे पाखंडच.

चाचणी सुरू झाली. नियम असा की एकाच माणसाला सारख्या दोन जखमा हव्यात. एकीवर पाल्याचं जेल लावायचं, दुसरीवर नुसतं, आणि कुठलं कुठे ते शेवटपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. शिवाय जखम आपसूक झालेली हवी. बाकी माणसं मिळाली, एक कमी पडलं. महिनाअखेरपर्यंत तेवढं मिळालं नाही तर काम बंद आणि भाचीची नोकरीही जाणार.

"एवढंच ना?" मामा म्हणाला. "जखमांचं काय घेऊन बसलीस! उद्याच ये न्यायला."

आणि त्या दिवसापासून साधा ओरखडा उठेना.

हात एकाएकी शहाणे झाले. कटर रेघ सोडेना, हातोडी बोटाला मान देऊन बाजूने जाऊ लागली. रोज सकाळी बहिणीचा फोन.

"कापलं का रे?"

"नाही गं ताई."

"काय माणूस आहेस! एक काम धड होत नाही."

शेजारचा शिंपी हळहळायचा, "आजही नाही? होईल हो, धीर धरा." गिऱ्हाईकं शोधून शोधून टवके उडालेले आरसे आणू लागली. बहिणीने दारातलं पायपुसणं चुरगळून ठेवलं. त्यावरून भाचीच तोंडघशी पडता पडता वाचली.

"आई, मामाला पाडायला बघतेस?"

"मी कुठे? पायपुसणं बघतंय."

"ते मुद्दाम झालं. चालत नाही."

"शिकून सवरून शेवटी नशिबावरच आलात ना!"

मामाला घास गोड लागेना. जन्मभर लोक 'नीट बघ' म्हणून ओरडले, तेव्हा जमलं नाही. आता पोरीच्या पोटावर पाय येत असताना ही धडधाकट दहा बोटं! दुसऱ्याची चुकून घालून आल्यासारखा तो त्यांच्याकडे बघत बसायचा.

शेवटच्या दिवशी तो चाचणीच्या डॉक्टरांकडे निघाला, भाचीने नोंदवलेलं आपलं नाव मागे घ्यायला. जागा मोकळी झाली तर निदान ऐनवेळी दुसरं कुणी सापडेल. प्रयोगशाळेच्या बोळात फरशी नुकतीच पुसलेली होती आणि मधोमध 'सावकाश चाला' अशी पिवळी पाटी उभी. ओल्या फरशीवरून तो भिंत धरून सुखरूप गेला आणि पाटीला अडखळला.

दोन्ही तळहात सोलवटले. सारखेच.

भाची धावत आली. "मामा! अगं बाई, किती छान!" मागोमाग सगळी प्रयोगशाळा. कुणी टाळ्याही वाजवल्या. एक नवी नर्स किंचाळली, "माणूस पडलाय नि तुम्ही हसताय?"

डॉक्टरांनी चष्मा सारखा केला. "मुद्दाम पडलात?"

"अहो, मुद्दाम मला आयुष्यात काय जमलंय?"

जेल लागलं. पाल्याचं डाव्या हाताला आहे, हे मामाने परस्पर ठरवून टाकलं. "आतून कसं गारगार काम चाललंय!" दोन्ही हात एकाच दिवशी भरले. उलगडा झाला तेव्हा डावा नुसत्या जेलचा निघाला. मामाने ते आजतागायत मानलेलं नाही. बाकीच्या बहुतेकांची पाल्याची जखम आधी भरली होती.

"मामा, तुझं कातडंच निगरगट्ट," भाची म्हणाली. तिचं काम चालू राहिलं, नोकरीही.

पण हातांना चढलेलं शहाणपण काही उतरेना. दुकानात त्याने काच पुढ्यात घेतली, कटर धरला आणि नुसता बघत राहिला. सगळ्यांनी मिळून त्या बोटांवर इतका पहारा ठेवला होता, की आता तोही ठेवू लागला. काच वेडीवाकडी तुटायची. हळूहळू त्याने काचकाम सोडलं आणि चौकटी तेवढ्या ठेवल्या. अशाच एका सुरेख चौकटीत भाचीचा फोटो बसवून त्याने बहिणीला आणून दिला, बिनकाचेचा.

"ताई, बाजारातून काच तेवढी कापून आण. माप मागे लिहिलंय."

"आणते," बहीण म्हणाली.

अरे, आणली नाही. दोनदा पिशवी घेऊन निघाले आणि भाजी घेऊन आले. फोटोवर धूळ बसते, मी पुसते. तू विचारलंस की काचवाल्याचं दुकान बंद होतं म्हणून सांगते. ते उघडंच असतं.